अंगठ्याचा उजेड

यंत्रातली बाई म्हणाली, "अंगठा जुळत नाही. कृपया पुसून पुन्हा टेकवा." मी कोटाच्या बाहीला अंगठा पुसला, मग रुमालाला पुसला, आणि पुन्हा त्या निळसर काचेवर टेकवला. बाई पुन्हा तेच म्हणाली, त्याच गोड आवाजात, जसं काही पहिल्यांदाच सांगतेय. माझ्यामागे रांगेत तीन माणसं होती. त्यातले एक आजोबा म्हणाले, "अहो, थुंकी लावा जरा. थंडीत कातडी सुकते." मी थुंकीही लावली. लाजायचं कशाला, वॉर्ड ऑफिसात सगळेच कधी ना कधी ओशाळे होतात. पण बाई काही ऐकेना. शेवटी काउंटरवरच्या मुलीनं माझं ओळखपत्र घेतलं, फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला आणि रहिवासाचा दाखला हातात दिला. "होतं असं, काका," ती म्हणाली, "वयानं रेषा झिजतात. काळजी करू नका." मी कसली काळजी करणार? मी चाळिसाव्या वर्षापासून काळजी करतोच आहे, ती या मुलीला कशी सांगायची. मी सत्तेचाळीस वर्षांचा मा योंग-गिल, सुवनला राहणारा, कंपनीचा इंजिनिअर, आणि माझा उजवा अंगठा आता माझा म्हणून सरकारला ओळखू येत नाही. त्या अंगठ्याचा एक स्पष्ट, रेघन् रेघ दिसणारा ठसा जगात आणखी एका जागी आहे. पाच इंची काचेच्या पॅनेलमध्ये, हवा काढून सीलबंद केलेला. तो दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे. आणि उद्या शुक्रवारी ते पॅनेल फोडायचं होतं.

बसमध्ये बसलो. आदल्या दिवशी सुन-बोकबाईंचा फोन आला होता. गी सुन-बोक आमच्याकडे क्लीनरूमचे, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही त्या खोलीत घालायचे, पांढरे कपडे धुण्याच्या विभागात आहेत, वय बावन्न. सात वर्षांपूर्वी त्या आमच्या टीममध्ये होत्या, काचेवर पेस्ट छापायच्या आणि भट्टी सांभाळायच्या. "साहेब," त्या फोनवर म्हणाल्या, "टीम बंद होतेय म्हणे. सगळी पॅनेलं फोडणार म्हणे. माझं पण?" त्या 'माझं' म्हणाल्या. मी म्हटलं, हो, यादीत आहे. "मग फोडायच्या आधी एकदा पेटवून दाखवाल? मी फोटोच बघितलाय. पेटलेला कधी बघितलाच नाही." मी म्हटलं, उद्या, गुरुवारी, तीन वाजता या. फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मी आपल्या हातानं घड्याळ लावून घेतलंय. तीनच्या आत मला ठरवायचं होतं, तिला सांगायचं की नाही. काय सांगायचं ते मला सात वर्षं पाठ आहे. तो अंगठा तिचा नाही, माझा आहे.

आता हे अंगठ्याचं प्रकरण काय ते सांगायला हवं, नाहीतर मी वेडा वाटेन. जुन्या, ढेरीवाल्या टीव्हीत मागे एक बंदूक असायची. ती तापायची, त्यातून इलेक्ट्रॉन सुटायचे, पुढच्या काचेवरच्या भुकटीवर आदळायचे, की उजेड. एवढ्यासाठी हातभर खोल खोका लागायचा. आमची कल्पना अशी की एका मोठ्या बंदुकीऐवजी काचेवर कोट्यवधी अतिबारीक कार्बनच्या नळ्या पसरायच्या, केसापेक्षा हजारो पट बारीक. त्यांच्या टोकातून न तापवताच इलेक्ट्रॉन सुटतात, नुसता व्होल्टेज दिला की झालं. समोर बोटभर सुद्धा नाही इतक्या अंतरावर भुकटीची काच. मधली हवा काढून घ्यायची. टीव्ही पाटीएवढा पातळ, आणि रंग जुन्या टीव्हीचे, खरे. मी त्या रंगांच्या प्रेमात होतो. अजून आहे. अडचण एकच होती. नळ्या पेस्टमध्ये कालवून छापल्या, भाजल्या, की त्या आडव्या पडायच्या, तेल चोपडून बसवलेल्या केसांसारख्या. टोकं वर नसली की इलेक्ट्रॉन सुटणार कुठून? दोन वर्षं आम्ही त्यांना उभं करायला बघत होतो. संचालक सोल रोज सकाळी यायचे, अंधारात पॅनेलवरचे चारदोन हिरवे ठिपके बघायचे आणि म्हणायचे, "मा, हे काय आहे, टीव्ही की काजवे?" सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण संचालक विनोद करतात तेव्हा हसायचं असतं.

दोन हजार एक साल. पौर्णिमेच्या सणाच्या आदल्या शनिवारी मला गावी निघायचं होतं, येसानला, आईकडे. रस्ते तुंबायच्या आत निघावं म्हणून घाई. त्या दिवशी काचा हाताळणारे दोघंच होतो, मी आणि सुन-बोकबाई. बाई भट्टीपाशी होत्या. मी सदतीस नंबरची भाजलेली काच दिव्याखाली धरली आणि बघतो तर काळ्या थरावर एक तंतू. पापणीचा केस असेल, कपड्याचा असेल. ग्लोव्हनं तो उचलेना, नुसता सरकायचा. चिमट्यानं थर खरवडला गेला असता. मी उजवा ग्लोव्ह काढला आणि अंगठा टेकवून तो तंतू टिपला. दुसऱ्या कुणी असं केलं नसतं. क्लीनरूममध्ये उघड्या कातडीनं काचेला शिवणं म्हणजे देवळात चपला घालून जाण्यापेक्षा वाईट. पण माझ्या आईचं येसानच्या बाजारात तिळाच्या तेलाचं दुकान होतं, आणि आमच्याकडे सांडलेला तीळ अंगठ्यानंच टिपायचा. बोटानं टिपलास की आई हातावर फटका मारायची. बोटं मापाला, अंगठा तिळाला. लहानपणापासून हाताला लागलेली सवय, ती डोक्याला विचारत नाही. तंतू अंगठ्याला चिकटून आला, मी ग्लोव्ह चढवला, काच पुढे सरकवली आणि गावी निघून गेलो. आईनं केलेल्या तांदळाच्या गोळ्या खाल्ल्या. मला आठवणही राहिली नाही.

सण संपवून आलो तर लॅबमध्ये सगळे गोळा झालेले, भट्टी सोडता न येणाऱ्या सुन-बोकबाई तेवढ्या सोडून. सदतीस नंबरला व्होल्टेज दिला होता आणि पॅनेलवर, एरवीच्या काजव्यांच्या मधोमध, एक अख्खा अंगठा उजळला होता. हिरवा, रेघन् रेघ मोजून घ्यावी असा. मी आजवर खूप सुंदर गोष्टी बघितल्या आहेत असं नाही, पण त्यातली ती एक होती, आणि ती बघताना मला शनिवारचा तो तंतू आठवला. सोलसाहेबांनी पॅनेलचा फोटो काढायला लावला, मोठा करून आणला, आणि म्हणाले, "ओळखपत्रं काढा." आमच्याकडे सतराव्या वर्षी प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेतात आणि ओळखपत्राच्या मागे उजवा अंगठा छापलेला असतो. ते शाळामास्तरासारखे टेबलाशी बसले. "शनिवारी कोण होतं? मा आणि गीबाई. ठेवा इथं." हातात भिंग. ओळखपत्रावर माझ्या अंगठ्याच्या भोवऱ्याची शेपटी डावीकडे जाते, हजारात एखाद्याची जाते तशी. सुन-बोकबाईंची उजवीकडे. फोटोत शेपटी उजवीकडे होती. "सापडला गुन्हेगार," साहेब म्हणाले. मी बाजूलाच उभा होतो आणि फोटोच्या कोपऱ्यात बघत होतो. तिथं पॅनेलचा आकडा होता, सदतीस, आणि तो उलटा उमटला होता, आरशात दिसतो तसा. फोटो छापताना उलटा झाला होता. साहेब भिंगातून अंगठा बघत होते, आकडा बघायला त्यांना वेळ नव्हता. मला होता. मी वाचला, समजलो, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. सुन-बोकबाई म्हणाल्या, "माझे दोन्ही ग्लोव्ह हातात होते, साहेब." सोलसाहेब म्हणाले, "मग तुमचा अंगठा एकटाच फिरायला गेला होता का?" हशा झाला. मी हसलो की नाही ते आता आठवत नाही. हसलो असणार.

बाईंना पुढच्या सोमवारी कपडे धुण्याकडे पाठवलं. त्या कंत्राटावर होत्या, एवढ्यावर निभावलं हे नशीब, असं सगळे म्हणाले. आणि तीनच आठवड्यांत पारडं फिरलं. बाकीच्या थरापेक्षा अंगठ्याखालचा थर कितीतरी पट उजळ का, असं कुणीतरी विचारलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की कातडी चिकटून सुटली तिथल्या सगळ्या नळ्या ओढल्या जाऊन उभ्या राहिल्यात. चिकटपणा! अंगठा जे करतो ते टेप करेल. आम्ही थरावर चिकटपट्टी लावली, ओढून काढली, आणि पॅनेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटलं. दोन वर्षांचं घोडं एका चर्रर्र आवाजात गंगेत न्हालं. कंपनीच्या मासिकात लेख आला, शेजारी तोच उलटा फोटो, खाली ओळ, 'एका चुकलेल्या अंगठ्याची करामत', आणि सोलसाहेबांची मुलाखत, की आमच्या एका महिला कर्मचाऱ्याच्या हातून हे अनवधानानं घडलं. आता मात्र तो अंगठा माझा आहे असं सांगायला माझी जीभ वळवळत होती, हे कबूल करतो. पण कसं सांगणार? माझा म्हणावं तर लगेच प्रश्न आला असता, मग त्या दिवशी कुठं होतास? शिक्षेच्या वेळी गप्प आणि आरतीच्या वेळी पुढे. तेव्हा करून सवरून नामानिराळा राहिलो होतो, आता करूनही श्रेय माझं नाही, असं झालं. बाईंना कुणी परत बोलावलं नाही. धुण्याच्या कामाला माणूस हवाच होता.

सात वर्षं मी रोज त्यांच्या हातून धुतलेला कपडा अंगात चढवला. खिडकीतून त्या घडी पुढे करायच्या, "या, साहेब. तुमचा खांद्यात जरा सैल केलाय." पहिले काही महिने मी मान वर करत नसे. मग माणूस सगळ्याला सरावतो. मला कळत गेलं की बाई त्या फोटोवर जगतायत. मासिकातून तो कापून, प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी कपाटाच्या दारावर लावला होता. नवी पोरं आली की दाखवायच्या. "हा मी. टीव्हीत पहिला अंगठा माझा." पोरं म्हणायची, "मग आम्हालाही एक सही द्या की, अंगठेबहाद्दर ताई." त्या हसायच्या. त्यांचं लग्न मोडलं होतं, मूल नाही, म्हातारी आई ह्वासंगच्या वृद्धाश्रमात. आईला पण सांगितलंय, त्या एकदा म्हणाल्या, आईनं तिथल्या सगळ्या नर्सना सांगितलंय. असं काही ऐकलं की मला वाटायचं, बरं झालं बोललो नाही. मग बस थांब्यावर उभा असताना वाटायचं, शहाण्या, हे तू स्वतःलाच बरं करून घेतोयस. दोन्ही खरं होतं. दारू घेतलेल्या रात्री बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, आता सांगून तिच्याकडून ते पण काढून घ्यायचं का?" आणि कूस बदलून झोपली. तिचा प्रश्न बरोबर होता. तरी मला वाटत राहिलं की एखाद्याचा आनंद खोट्यावर उभा आहे हे ज्याला माहीत आहे आणि ते खोटं ज्याचं आहे, त्यानं बरोबर प्रश्नांच्या आड बसू नये. आणि आता टीम बंद. लिक्विड क्रिस्टलच्या पडद्यांनी बाजार खाल्ला, आमचे खरे रंग कुणाला नको होते. सोलसाहेब कधीच वरच्या मजल्यावर गेलेत. आम्हाला बॅटरी विभागाकडे पाठवताहेत, त्यासाठीच तो दाखला. सुन-बोकबाईंचं कंत्राट महिनाअखेर संपतंय.

तीनला पाच मिनिटं असताना त्या आल्या. कपडे धुण्याचा एप्रन नव्हता, बाहेर जायचा तपकिरी कोट, ओठांना थोडा रंग. हातात तो प्लास्टिकमधला फोटो. मला फार वाईट वाटलं, सरळ सांगतो, पळून जावंसं वाटलं. मी पॅनेलला तारा जोडल्या, खोलीतला दिवा मालवला आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत नेला. आधी काहीच नाही. मग मधोमध एक कड हिरवी झाली, मग दुसरी, आणि अंगठा आतून भरत आला. बाई पुटपुटल्या, "अगंबाई." बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा त्या उजेडात हिरवट, तरुण दिसत होता. मग त्यांनी फोटो पॅनेलशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"साहेब, फोटोत शेपटी उजवीकडे आहे. इथं डावीकडे कशी?"

काच आपण मागून बघतोय, असं म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं.

"फोटो उलटा छापलाय," मी म्हणालो. "कोपऱ्यातला आकडा बघा."

त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा लावला, आकडा वाचला. मग खिशातून ओळखपत्र काढून त्याच्या मागचा आपला ठसा पॅनेलच्या उजेडात धरून बघितला. घाई केली नाही. भट्टीतली काच बघायच्या तशाच शांतपणे बघत होत्या.

"म्हणजे हा माझा नाही."

"नाही."

"तुमचा."

"हो."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. साहेब भिंग लावून बसले होते तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"घाबरलो, बाई. मला वाटलं नोकरी जाईल."

त्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा थोबाडीत मारतील. थोबाडीत मारली असती तर मी आभार मानले असते. त्या म्हणाल्या, "सात वर्षं मी तो शनिवार आठवतेय. ग्लोव्ह कधी फाटला, कसा फाटला. काही केल्या आठवायचं नाही. दोन्ही ग्लोव्ह हातात होते, हेच आठवायचं. मग मी म्हणायची, बाई गं, तुझं डोकं गेलं, आईसारखं तुझंही जाणार. डॉक्टरकडे पण जाऊन आले." मग म्हणाल्या, "माझं डोकं ठीक होतं." मी इतकी वर्षं हिशोब मांडत आलो, मी तिची जागा घालवली, तिला अभिमान दिला, आता तो काढून घेतोय, पण तिच्या आठवणीवरचा तिचा विश्वास मी नेला हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. मी व्होल्टेज उतरवला. अंधारातच त्या बोलल्या, "आईला काय सांगू आता मी? ती रोज कुणाला ना कुणाला सांगते."

"मी येऊन सांगतो."

"तुम्ही?"

"माझ्या तोंडानं सांगतो. चूक माझी आहे."

"रविवारी या," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. जेवणाच्या आधी तिला जाग असते."

शुक्रवारी मी पॅनेलं फोडली. कॅनव्हासच्या पिशवीत घालून हातोडीनं, यादीवर खूण करत. सदतीस नंबर मधेच कुठंतरी आला आणि गेला. आतली पोकळी फुटताना बारीकसा फट् आवाज होतो, तेवढा झाला. खरं सांगायचं तर मला काही वाटलं नाही. मी रविवारचा विचार करत होतो. शनिवारी वाक्य घोकलं. आजी, मी तुमच्या मुलीवर अन्याय केला. आजी, तो अंगठा माझा होता. बायको म्हणाली, शाळेतल्या भाषणासारखं वाटतंय, जरा साधं बोला. मग साधं घोकलं. सकाळी नाशपातींची पेटी घेतली, चांगली, नाजू गावाकडच्या नावाजलेल्या बागांतली, आणि ह्वासंगची बस पकडली. बसमध्ये मला हलकं वाटत होतं. सात वर्षांत पहिल्यांदा मी कुठंतरी खरं बोलायला चाललो होतो, आणि लाज वाटावी इतकं ते मला आवडत होतं.

सहा खाटांची खोली. भिंतीवर पातळ टीव्ही, त्यावर गाण्यांचा कार्यक्रम, आवाज बंद. सुन-बोकबाई खिडकीजवळच्या खाटेपाशी बसल्या होत्या. त्यांची आई अगदी लहानखुरी, उशीला टेकून बसवलेली, केस नुकतेच विंचरलेले. मी वाकून नमस्कार केला, पेटी ठेवली, खाली गुडघ्यांवर बसलो. तोंड उघडलं. आणि माझ्या आधी सुन-बोकबाई आईच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आई, हे मा साहेब. माझा अंगठा होता ना टीव्हीतला, तो यांनीच ओळखला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या पेटीतली एक नाशपाती काढून सोलायला लागल्या होत्या, साल एकसंध, न तोडता.

म्हातारीनं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात कोरडे आणि ऊन होते. "खरं का हो, साहेब?" ती म्हणाली. "ही पोर लहानपणापासून थापाडी. शाळेत पहिली आले म्हणायची. मी सगळ्यांना सांगते, पण मनात येतं, हिनं मला फसवलं तर नसेल? तुम्ही सांगा. होता का हिचा?"

मला घोकलेलं सगळं आठवत होतं. सुन-बोकबाईंची सुरी थांबली होती. खालमानेनं त्या वाट बघत होत्या, आणि त्या कशाची वाट बघताहेत याबद्दल मला काही शंका नव्हती.

"हिचाच होता, आजी," मी म्हणालो.

"काय म्हणतात?" म्हातारीनं मुलीला विचारलं.

"मोठ्यानं बोला, साहेब," सुन-बोकबाई म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."

"अंगठा हिचाच होता," मी ओरडलो. सहाही खाटांवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. दारातली नर्स हातातला ट्रे घेऊन थांबली. "मी स्वतः बघितलाय. हिचाच."

म्हातारीनं समाधानानं मान डोलावली आणि माझा हात सोडला. सुन-बोकबाईंनी चमच्यानं नाशपातीचा गर खरवडला आणि आईच्या तोंडात घातला. मग एक फोड कापून माझ्यापुढे धरली, आणि मी ती खाल्ली.